दख्खनच्या नद्यांचा मोजणीदार : कर्नल साइक्स

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गांवाजवळून वाहणाऱ्या नदीचें नांव विचारलें तर आपणांपैकीं प्रत्येकजण तत्काळ उत्तर देईल. चिंचवडचा मुलगा पवना म्हणेल, आळंदी-मोशीकडील मुलगी इंद्रायणी म्हणेल, आणि चाकणच्या उत्तरेकडील गांवांतून येणारा भामेचें किंवा भीमेचें नांव घेईल. परंतु त्याच नदींतील चार माशांचीं नांवें सांगा, त्यांचीं तोंडें कशीं असतात, तीं काय खातात हें सांगा, असें म्हटलें तर वर्गांत शांतता पसरेल. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं एका परक्या गृहस्थानें हेच प्रश्न आपल्या नद्यांना विचारले आणि मोठ्या चिकाटीनें त्यांचीं उत्तरें लिहून ठेविलीं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ते गृहस्थ होत. त्यांचें चरित्र आपण थोडक्यांत पाहूं.

साइक्स यांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतील एका घराण्यांत २५ जानेवारी १७९० रोजीं झाला. आज ज्या वयांत आपण आठवी-नववीच्या वर्गांत बसतां त्या वयांत, म्हणजे १८०४ सालीं, त्यांस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील सैन्यांत अधिकारपद मिळालें. पुढच्याच वर्षीं भरतपूरच्या वेढ्याच्या वेळीं ते तेथें हजर होते. छावणींतील रिकामा वेळ गंजिफांत न घालवितां त्यांनीं हिंदुस्थानी व मराठी या भाषांचा अभ्यास केला व दुभाष्याची परीक्षा दिली. हा अभ्यास पुढें त्यांस तलवारीहून अधिक उपयोगीं पडला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली व पेशवाईचा अंत जवळ आला. त्या लढाईंत व पुढें पुण्याच्या लढाईंत साइक्स हे कंपनीच्या एतद्देशीय शिपायांचे नायक होते. डोंगरी किल्ले घेण्याच्या कामींही त्यांचा हात होता. ही गोष्ट आपण लपवूं नये व विसरूंही नये. ज्या मुळा-मुठेच्या कांठीं ते प्रथम शत्रु म्हणून उभे राहिले, तिच्याच कांठीं सात वर्षांनंतर ते वही व मापपट्टी घेऊन बसले. मनुष्याच्या आयुष्याचा हिशेब एका दिवसावरून करतां येत नाहीं, तो असा.

मध्यंतरीं ते युरोपांत प्रवास करून आले होते. १८२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं त्यांस सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक नेमलें. नव्यानें हातीं आलेल्या मुलखांत माणसें किती, जमिनीची वहिवाट कशी, धान्याचे भाव काय, पाऊस व उष्णमान किती, हें सर्व मोजून लिहावयाचें, असें तें काम होतें. साइक्स यांनीं दख्खनची खानेसुमारी केली. परंतु त्यांची दृष्टि माणसांपाशींच थांबली नाहीं. पशु, पक्षी व मासे हेही या मुलखाचे रहिवासी आहेत, तेव्हां त्यांचीही नोंद झालीच पाहिजे, असा जणूं त्यांचा बाणा होता. दख्खनच्या रानकुत्र्याचें त्यांनीं वर्णन केलें. येथील पक्ष्यांची यादी १८३२ सालीं प्रसिद्ध केली. आजही एका चंडोलास व एका वटवट्यास पक्षिशास्त्रांत साइक्स यांच्या नांवानें ओळखतात.

काम भरांत असतांनाच, १८२९ च्या डिसेंबरांत, सरकारनें ती जागाच रद्द केली. दुसरा कोणी असता तर दप्तर बांधून मोकळा झाला असता. साइक्स यांनीं काम पुरें करण्याची परवानगी मिळविली आणि १८३१ च्या जानेवारींत तें तडीस नेऊन मगच ते रजेवर स्वदेशीं गेले. अर्धवट सोडलेली वही कोणाच्याच उपयोगाची नसते. तीं शेवटचीं कांहीं पानें लिहिलीं गेलीं नसतीं तर आरंभींचीं शेंकडों पानें कदाचित् वायां गेलीं असतीं.

आतां त्यांच्या मत्स्यविषयक कार्याकडे वळूं. लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढें त्यांनीं दख्खनच्या माशांवर निबंध ठेविला. त्याचा सारांश १८३९ सालीं व संपूर्ण निबंध चित्रांसह १८४१ सालीं छापला गेला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड अशा नद्यांतील चाळीसांहून अधिक जातींचें वर्णन त्यांत आहे, आणि त्यांतील बहुतेक जाती शास्त्रास तोंवर अज्ञात होत्या. विशेष हें कीं, नवीन माशांस नांवें देतांना त्यांनीं पुष्कळदां कोळी व भोई लोकांच्या तोंडचींच नांवें उचललीं. म्हणून आजही जगांतील कोणत्याही देशाचा मत्स्यशास्त्रज्ञ आपल्या महासीर माशास टोर खुद्री म्हणतो. दुसऱ्या एका माशास लॅबिओ बोग्गट, तर खडकास चिकटून राहणाऱ्या एका लहान माशास गर्रा मुल्ल्या म्हणतो. खुद्री, कोलस, बोग्गट, मुल्ल्या, नुक्ता हे शब्द लॅटिन नव्हेत. ते आपल्या घाटांवरचे आहेत. आपले आश्रयदाते एल्फिन्स्टन यांस मात्र त्यांनीं एक अहीर, म्हणजे सापासारखा लांब मासा, अर्पण केला! ज्या भोयांनीं पाग टाकून हे मासे पाण्याबाहेर काढले व त्यांचीं नांवें सांगितलीं, त्यांचीं स्वतःचीं नांवें इतिहासानें राखलीं नाहींत. साइक्स यांचें ऋण मानतांना या अनाम गुरूंसही आपण नमस्कार केला पाहिजे.

गळ टाकून बसणारे शिकारी म्हणून नव्हे, तर मापपट्टी घेऊन बसणारे अभ्यासक म्हणून साइक्स यांची कीर्ति राहिली. तरीही त्यांनीं जें टिपलें, म्हणजे ओठ जाड कीं पातळ, तोंड पुढें कीं खालीं, मिशा किती, कांटा कोठें, तेंच गळानें मासे धरणारास प्रथम जाणून घ्यावें लागतें. हीं लक्षणें ज्यास कळलीं त्यास साधनांची निवड आपोआप कळते. याचीं कांहीं उदाहरणें देतों.

महासीर माशाच्या जबड्यांत दांत नसतात; ते घशांत असतात. परंतु त्याचा जबडा इतका बळकट असतो कीं हलका गळ त्यांत पिचून जातो. शिवाय तो वाहत्या, खडकाळ पाण्यांत राहतो व आमिष घेतांच बाणासारखा पळतो. म्हणून त्याच्यासाठीं जाड तारेचा कणखर गळ, लवचीक पण मजबूत कांठी व पुष्कळ दोरी सोडतां येईल असें रीळ हवें. पहिल्या धांवेस दोरी अडविली तर ती तुटलीच म्हणून समजावें; दोरी सोडावी, मासा दमूं द्यावा व मगच ती हळूहळू गुंडाळावी. कणकेची गोळी, फळें व लहान मासे हीं सर्व तो खातो. त्यामुळें पाण्यांत फिरतांना चकाकणारें, चमच्याच्या आकाराचें धातूचें आमिषही त्यास भुलवितें.

बोग्गटाच्या जातीच्या माशांचें तोंड खालच्या बाजूस असतें. ते तळाच्या दगडांवरील शेवाळ खरवडून खातात. त्यांस मोठा गळ कशास? बारीक गळ, लहानशी कणकेची गोळी व ती तळाशीं नेण्यापुरतें शिसें एवढें पुरे होतें. मरळ हा शिकारी मासा. तो हवा घेण्यास वारंवार पाण्यावर येतो व वेलींच्या आडोशास दबा धरून असतो. त्यास बेडूक किंवा लहान मासा यांचें आमिष लागतें व वेलींतून ओढून काढण्यास दोरी भक्कम लागते. वाम खडकांच्या सांदींत दडते व रात्रीं बाहेर पडते. तिच्यासाठीं गांडूळ उत्तम. शिंगटीच्या परांतील कांटे मात्र हातास जखम करतात, म्हणून ती गळावरून सोडवितांना फडकें घ्यावें. युरोपांत ट्राउट मासा पिसांच्या कृत्रिम माशीनें धरतात. पण ट्राउटास थंड पाणी लागतें. तो काश्मीरांत व निलगिरीवर आणून वाढविला गेला. दख्खनच्या उन्हाळ्यांत तापणाऱ्या नद्यांत तो जगणार नाहीं. तात्पर्य, दुसऱ्या देशाचें साधन सुंदर दिसतें म्हणून तें घेऊं नये. आपल्या पाण्यास व आपल्या माशास शोभेल तें घ्यावें.

साइक्स यांच्यानंतर मद्रासकडील एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर १८७३ सालीं एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला व महासीराच्या साधनांची त्यांत बारकाईनें चर्चा केली. पण केवळ साधनांनीं नद्या जिवंत राहत नाहींत. सुरुंगाची दारू उडवून व पाण्यांत विष कालवून मासे मारण्याची दुष्ट रीत वाढूं लागली, तेव्हां १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यानें ती गुन्हा ठरविली. गळानें एक मासा येतो व बाकीचे राहतात. दारूनें व विषानें पिल्लांसकट सारा डोह मरतो.

स्वदेशीं परतल्यावर साइक्स १८३३ सालीं सैन्यांतून निवृत्त झाले व पुढच्याच वर्षीं रॉयल सोसायटीचे सभासद झाले. लंडनच्या सांख्यिकी मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते, व पुढें ते त्याचे अध्यक्षही झाले. १८४० सालीं ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले व १८५६ सालीं तिच्या अध्यक्षपदीं चढले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत बसले. १६ जून १८७२ रोजीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. ती कंपनी गेली, तें राज्यही गेलें. पण खुद्री हें नांव राहिलें.

नांव राहिलें, पण मासा राहिला काय? पालकवर्गानेंही या प्रश्नाचा विचार करावा. साइक्स यांच्या वेळीं पवनेच्या व इंद्रायणीच्या कांठीं शेतें व मळे होते. १९५० नंतर पिंपरी, भोसरी व पुढें चाकण येथें कारखाने उभे राहिले, लाखों कुटुंबांस भाकरी मिळाली, आणि त्याबरोबर सांडपाणीही नदींत आलें. इंद्रायणीच्या पाण्यावर तरंगणारा पांढरा फेंस आपण सर्वांनीं पाहिला आहे. साइक्स यांनीं वर्णिलेला शिंगासारख्या नाकाडाचा नुक्ता आज संकटग्रस्त मानला जातो. तरी निराश होण्याचें कारण नाहीं. इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याजवळ वळवण येथें, टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत महासीराचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबवून पिल्लें वाढविण्याचें काम हातीं घेतलें, आणि तेथील पिल्लें देशांतील दूरच्या जलाशयांतही सोडण्यांत आलीं. महाडजवळ वाळणकोंडींत तर गांवकऱ्यांनीं श्रद्धेनेंच माशांचें रक्षण केलें आहे. मनुष्यानें ठरविलें म्हणजे पाणी पुन्हां भरूं शकतें.

मित्रहो, सुटींत आपण कोणी वडील माणसांबरोबर स्वच्छ पाण्याच्या कांठीं गळ घेऊन बसाल, तर तीन गोष्टी ध्यानांत ठेवा. पावसाळ्याच्या दिवसांत, मासे अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढत असतां, त्यांच्या वाटेस जाऊं नका. लहान मासा ओल्या हातानें हळूच सोडवून पाण्यांत परत सोडा. आणि घरीं येण्यापूर्वीं वहींत तारीख, ठिकाण, माशाची लांबी व कांठावरच्या माणसानें सांगितलेलें त्याचें नांव लिहा. ती वही पुरी करा. मध्येंच सोडूं नका. दोनशें वर्षांपूर्वीं एका परक्यानें आपल्या नद्यांसाठीं एवढें केलें. आपण तर त्या नद्यांचींच लेंकरें आहोंत.