ब्लेज पास्कल

विमान उतरू लागले की हवाई वाहतूक नियंत्रक वैमानिकाला किती उंचीपर्यंत खाली यायचे ते सांगतो आणि विमानतळावरील हवेचा दाबही कळवतो. वैमानिक दोन्ही आकडे उलट म्हणून दाखवतो व दाबाचा आकडा उंचीमापकावर लावतो. भारतासह अनेक देशांत हा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात. ज्याचे नाव या एककाला मिळाले, तो ब्लेज पास्कल पहिल्या विमानोड्डाणाच्या जवळजवळ अडीच शतके आधी होऊन गेला.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. तो तीन वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी त्याला शाळेत धाडलेच नाही. सारे शिक्षण घरी झाले. पुढे करवसुलीच्या कामात वडिलांची बेरजा करताना होणारी दमछाक पाहून त्याने एकोणिसाव्या वर्षी आकडेमोडीचे यंत्र बनवायला घेतले. प्रकृतीने मात्र त्याला कधीच नीट साथ दिली नाही.

त्या काळी इटलीतील तोरिचेल्लीचा प्रयोग गाजत होता. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उपडी धरली, तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबे. पास्कलला वाटे, बाहेरच्या हवेचे ओझेच त्याला तोलून धरत असावे. तसे असेल, तर डोंगरमाथ्यावर पारा उतरला पाहिजे. पण डोंगर चढणार कोण? पास्कल आजारी, तोही दूर पॅरिसमध्ये. त्याने क्लेरमाँला राहणाऱ्या आपल्या बहिणीच्या पतीला, फ्लोरँ पेरियेला, पत्र लिहिले.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये काही सोबत्यांसह प्युई द दोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरांहून अधिक उतरला होता. निघण्यापूर्वी त्याने तशीच दुसरी नळी खाली क्लेरमाँच्या मठात ठेवली होती. एक ख्रिस्ती साधू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. तिच्यातील पारा हलला नाही. या प्रयोगाचा जीव खरे तर या खालच्या नळीत आहे. दाब उंचीप्रमाणे बदलतो, तसाच हवामानाप्रमाणेही बदलतो. खालची नोंद नसती, तर पारा चढणीमुळे उतरला की हवा पालटल्यामुळे, हे कसे ठरवणार?

विमानातही हाच पेच असतो. उंचीमापक मोजतो दाब आणि दाखवतो उंची. जमिनीवरचा दाब एक हेक्टोपास्कलने चुकीचा लावला, तर उंची सुमारे ३० फुटांनी चुकते. दहाने चुकला, तर धुक्यात धावपट्टी शोधणारे विमान वैमानिकाच्या समजुतीपेक्षा सुमारे तीनशे फूट खाली असू शकते. मठातल्या साधूचे काम आज नियंत्रकाकडे आले आहे. फार उंचावर मात्र सर्व वैमानिक १०१३.२५ हा एकच ठरीव आकडा लावतात. तेथील ३५,००० फुटांची पातळी तीन, पाच, शून्य असे सुटे अंक उच्चारून सांगतात. खरी उंची थोडी निराळी असली, तरी तो फरक त्या भागातील सर्व विमानांना सारखाच लागू होतो. म्हणून त्यांच्यातील अंतर राखले जाते.

पास्कल १९ ऑगस्ट १६६२ रोजी पॅरिसमध्ये वारला. तेव्हा तो अवघा ३९ वर्षांचा होता. दाबाच्या एककाला त्याचे नाव १९७१ मध्ये देण्यात आले.