तुलूझ-लोत्रेक : नाचघरातल्या माणसांचा चित्रकार



थोरांची चरित्रं सांगताना आपण मुलांना रणांगणावर नेतो, प्रयोगशाळेत नेतो. आज मात्र तुम्हाला पॅरिसच्या एका नाचघरात नेणार आहे. दचकू नका, कारण आपला चरित्रनायक तिथंच भेटतो.

आंरी द तुलूझ-लोत्रेक यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधील आल्बी येथे सरदार घराण्यात झाला. आई-वडील सख्खी मावसभावंडं. हाडं जन्मतःच नाजूक. तेराव्या वर्षी एक मांडी मोडली, चौदाव्या वर्षी दुसरी. त्यानंतर पाय वाढलेच नाहीत. धड मोठ्या माणसाचं, पाय मुलाचे, उंची जेमतेम पाच फूट. वडिलांना शिकारीचं आणि घोड्यांचं वेड. मुलासाठी तो रस्ता बंद झाला. अंथरुणावर पडून त्यानं पेन्सिल हातात घेतली.

पुढे ते पॅरिसला चित्रकला शिकले आणि मोंमार्त्र वस्तीत रमले. १८८९ मध्ये तिथं 'मुलँ रूज' हे नाचघर सुरू झालं. रात्रीमागून रात्री लोत्रेक तिथं बसून रेखाटत असत. उंच टोपीवाले श्रीमंत, कारकून, नर्तकी, सगळे एका छपराखाली! 'ला गुल्यू' नावानं गाजलेली नर्तकी लुईझ वेबर ही धोबिणीची मुलगी. १८९१ मध्ये लोत्रेक यांनी केलेल्या तिच्या नाचाच्या पोस्टरनं दोघंही शहरभर गाजले. पुढे तिनं जत्रेत स्वतःचा तंबू टाकला, तेव्हा १८९५ मध्ये त्यासाठीचे मोठे पडदेही त्यांनीच रंगवून दिले.

आता त्यांचं 'मुलँ रूजमध्ये' हे चित्र बघा. ते शिकागोच्या संग्रहालयात आहे. टेबलाभोवती गप्पा मारणारी मंडळी, दिव्याच्या उजेडात हिरवट दिसणारा एका बाईचा चेहरा, मागे केस सावरणारी ला गुल्यू. आणि अगदी मागे, नात्यातल्या उंच आतेभावाशेजारी चालणारा एक बुटका माणूस. ते स्वतः लोत्रेक! रस्त्यावर लोक ज्याच्याकडे वळून बघत, त्यानं स्वतःला या गर्दीत आपल्या माणसांसारखं रंगवलं. कुणाची टिंगल नाही, कुणाला खोटं सुंदर करणंही नाही.

दारूनं मात्र त्यांचा घात केला. १८९९ मध्ये त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं त्यांनी केवळ आठवणीतून सर्कशीची चित्रं काढून आपली बुद्धी शाबूत असल्याचं दाखवलं आणि सुटका मिळवली. पण ९ सप्टेंबर १९०१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका.

१९१५ मध्ये आगीत ते जुनं नाचघर जळालं. तिथले चेहरे, दिवे, गर्दी मात्र लोत्रेक यांच्या चित्रांत शिल्लक राहिली. आईनं जपलेल्या चित्रांतून १९२२ मध्ये आल्बीला त्यांचं संग्रहालय उभं राहिलं.

वर्गात हे चित्र दाखवा आणि मुलांना चित्रकार शोधायला सांगा. मग विचारा, आपल्या गावात सगळे जमतात अशी जागा कोणती? पारावरचा कट्टा, चहाची टपरी, एसटी स्टँड? ती जागा माणसांसकट काढायला लावा. आणि हो, कडेला उभा राहणारा कुणी चित्रातून सुटला तर नाही ना, तेही बघायला सांगा.