खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

तामिळनाडूत चेंगलपट्टूजवळ सिंगपेरुमाळ कोईल नावाचे एक लहानसे रेल्वे स्टेशन आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे एक वयस्क गृहस्थ आपल्या शिष्यांसह गाडीतून खाली उतरले. ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत त्यांच्या छातीत दुखू लागले, म्हणून ते मध्येच उतरले. शिष्यांनी फलाटावर अंथरूण घातले. त्यांनी नमाज अदा केली. मग तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागात ते प्रार्थना गाऊ लागले. थोड्या वेळाने गाणे थांबले, ते आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. ते होते किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच गावावरून 'किराणा' हे घराण्याचे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. ते सारंगी व वीणाही वाजवत. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात त्यांना मान मिळाला. तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर बडोदे सोडून ते मुंबईला आणि पुढे मिरजेला आले. प्लेगच्या साथीत ते मिरजेत आजारी पडले होते आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केल्यावर बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगितली जाते. ते काहीही असो, कैरान्याचा हा माणूस मिरजेचा झाला तो कायमचाच.

त्यांचा आवाज भारदस्त नव्हता. तो बारीक आणि टोकदार होता. पण तो सुराला असा चिकटे की तंबोऱ्याचा आवाज कोठे संपला आणि खाँसाहेबांचा कोठे सुरू झाला, हे ऐकणाऱ्याला चटकन कळत नसे. (उर्दूत आपण ज्याला तंबूरा म्हणतो तोच हा तंबोरा.) तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. तेथे तारेखाली एक बारीक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी बसला की तार गुंजू लागते. यालाच जवारी लावणे म्हणतात. काम दिसायला क्षुल्लक, पण त्यासाठी कान फार तयार लागतो. खाँसाहेब हे काम स्वतः करीत. वाद्ये दुरुस्त करण्याची हत्यारेही ते जवळ बाळगत.

सुराविषयीची ही ओढ त्यांना दूरदूर घेऊन गेली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी सप्तकातील बावीस श्रुतींचा शोध घेत होते. त्यांना खाँसाहेबांनी गाऊन व वाजवून मदत केली. म्हैसूरच्या दरबारात जाऊन त्यांनी कर्नाटक संगीत समजून घेतले. उत्तरेकडचे बहुतेक गवई त्या काळी दक्षिणेच्या गाण्याकडे लक्षच देत नसत. खाँसाहेबांनी मात्र त्यागराजांची कृती गायिली आणि तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली. त्यांनी मराठी नाट्यपदेही गायिली. त्यांची मातृभाषा मराठी नव्हती, हे मराठी शिकणाऱ्या तुम्हां मुलांनी ध्यानात घ्यावे. त्यांनी टिपू मियाँ नावाच्या एका कुत्र्यालाही सुरात आवाज काढायला शिकवले होते, असे सांगतात!

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्य त्यांच्याच घरी राहत, तेथेच जेवत. शाळेचा खर्च जलशांच्या उत्पन्नातून भागवावा लागे. त्यामुळे पैशाची ओढाताण नेहमीचीच होती. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हा घाव मोठा होता. पुढे ती मुले माने हे आडनाव लावून वाढली. त्यांपैकी सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांनी गायनात मोठे नाव मिळवले. घर मोडले तरी बापाचा सूर मुलांच्या गळ्यात राहिला.

त्या काळी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. जो गवई एकेक राग तासभर गाई, त्याला ही अडचण किती वाटली असेल! पण याच तबकड्यांनी खाँसाहेबांना घरोघर पोहोचवले. गदगच्या भीमसेन नावाच्या मुलाने त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी ऐकली आणि तो वेडावून गेला. तसे गाणे शिकायचे म्हणून अकराव्या वर्षी त्याने घर सोडले. गुरू शोधत तो खूप भटकला आणि शेवटी खाँसाहेबांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे पोहोचला. हेच पंडित भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. दुसरीकडे, खाँसाहेबांच्या आप्तांपैकी रोशन आरा बेगम फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या आणि तेथे त्यांनी किराणा घराण्याचे गाणे जपले.

खाँसाहेबांचा देह मद्रासहून मिरजेला आणण्यात आला व मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. आपल्या नाशिकच्या पंचवटीत ज्यांचा आश्रम होता, ते पंडित विष्णू दिगंबर पलुस्करही १८७२ सालीच जन्मले आणि १९३१ साली मिरजेतच वारले. एका लहान गावाच्या वाट्याला असे दोन गवई आले.

मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे ते हत्यारांना धार लावीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आणून ते वाळवतात, कापतात, त्यांवर नक्षी करतात आणि सर्वांत शेवटी जवारी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. देशभरातील नामवंत कलावंत तेथे हजेरी लावतात आणि त्यांचे गाणे ऐकायला लोक रात्र रात्र बसून राहतात.