कवट्या मोजणारी विद्यार्थिनी : डॉ. इरावती कर्वे

शाळेत असताना पाणी उकळण्याचा प्रयोग आम्ही केला होता. तापमापीत पारा ९८ अंशांपाशी थांबला. पुस्तकात १०० होते, म्हणून मीही वहीत १०० लिहिले व पूर्ण गुण मिळविले. समुद्रसपाटीहून उंच असलेल्या आपल्या भोरसारख्या गावी पाणी शंभरच्या थोडे खालीच उकळते, हे फार उशिरा कळले. तापमापी खरे सांगत होती. खोटा मी होतो. डॉ. इरावती कर्वे यांचे चरित्र वाचताना ती वही मला हटकून आठवते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत पाठविले व रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्या मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्याकडे शिकल्या. पती दिनकर हे महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. सुनेने जर्मनीस जाऊन शिकावे हे मात्र खुद्द महर्षींना रुचले नव्हते! ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी हयात घालविली त्यांच्या घरची ही गोष्ट आपल्या पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. पतीने साथ दिली, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले, आणि १९२८ मध्ये बाई बर्लिनला पोहोचल्या.

तेथे मानववंशशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीची उजवी व डावी बाजू सारखी नसते, इतरांच्या कवटीत हा फरक तसा आढळणार नाही, अशी त्यांची कल्पना होती. हे मोजून दाखविण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. विद्यार्थी मित्रांनो, त्या तरुणीची स्थिती डोळ्यांसमोर आणा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि पदवी द्यावयाची की नाही हे ज्यांच्या हाती, त्यांनाच कोणते उत्तर हवे आहे हे आधीपासून ठाऊक. चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर कोण पाहावयास येणार होते?

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या, तशा जर्मनीच्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. (त्या मृतांच्या आप्तांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. आज असे संशोधन परवानगीवाचून करता येणार नाही.) कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते हे खरे निघाले, पण त्या असमानतेचा वंशाशी काहीही संबंध आढळला नाही. बाईंनी प्रबंधात तेच लिहिले. १९३० च्या सुमारास त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांचे वंशविषयक विचार पुढे नाझी राजवटीच्या उपयोगी पडले.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे त्या महिला विद्यापीठात प्रबंधक होत्या. १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज हीच त्यांची कर्मभूमी झाली. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातींतील माणसांची मापे घेतली. एकाच मूळ जातीच्या फांद्या फुटून पोटजाती झाल्या, असे त्यांचे गुरू घुर्ये मानीत. बाईंच्या नोंदी वेगळे सांगत होत्या: एका नावाखाली मोडणारे समूह मुळात निरनिराळे असू शकतात. येथेही त्यांनी गुरूंचा मुलाहिजा ठेवला नाही. मात्र एक सांगितले पाहिजे. माणसांची मापे घेऊन समाज समजतो, ही पद्धत त्यांनी सोडली नाही, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही केली आहे.

'युगान्त'ला १९६८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, हे मराठीच्या तासाला आपण शिकतोच. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी मात्र थोड्यांनाच माहीत असते. जई निंबकर यांच्यासह केलेल्या ह्या कामात त्यांनी उठविलेल्या लोकांचे हाल नोंदवून ठेवले. भाटघर आणि पानशेतच्या पाण्याखाली ज्यांच्या वाडवडिलांची शेते गेली, अशी घरे भोर व वेल्ह्यात आहेत. त्यांना त्या नोंदींचे मोल वेगळे सांगावयास नको. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, इरावतीबाईंचे निधन झाले.