बुलेट ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरशी खेळणारा माणूस दिसला आणि त्यातून पुढे गेम बॉय आला

वय वर्षं ३८. नागापूर एमआयडीसीत नोकरी, सावेडीत फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता आणि घरात दोन पोरं. असा माणूस एक दिवस हातात मावणारा गेमिंग कन्सोल ऑनलाईन मागवतो. पार्सल आल्यावर घरच्यांना वाटतं पोरांसाठी असेल. तोही हो म्हणून टाकतो. पोरं झोपली की यंत्र बाहेर निघतं. अहिल्यानगरहून पुण्याला जाताना एसटी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की हा बाबा मांडीवरची बॅग उभी करतो आणि तिच्या आडोशाने खेळतो. शेजारच्या काकांनी बघितलं तर वय काय, करतोय काय, असं नको व्हायला.

आता गंमत बघा. हे यंत्र ज्याच्या डोक्यातून आलं, त्याने ते पहिल्यांदा अशाच माणसासाठी योजलं होतं. नोकरी करणारा, प्रवासात कंटाळलेला आणि चारचौघांत खेळायला लाजणारा. ते लपवून खेळता यावं याचाही विचार त्याने करून ठेवला होता.

त्या माणसाचं नाव गुनपेई योकोई.

१० सप्टेंबर १९४१ ला जपानमधल्या क्योटो शहरात त्याचा जन्म झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. मोठ्या कंपन्यांनी काही घेतलं नाही, म्हणून १९६५ मध्ये घराजवळच्या एका कंपनीत लागला. कंपनीचं नाव निन्टेन्डो. पण तेव्हाच्या निन्टेन्डोचा व्हिडीओ गेमशी काडीचा संबंध नव्हता. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी पत्ते बनवायची. हानाफुदा नावाचे फुलापानांची चित्रं असलेले छोटे पत्ते, जे जपानमध्ये घरातही खेळले जायचे आणि जुगाराच्या अड्ड्यावरही. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पोराला काम मिळालं ते पत्ते बनवणाऱ्या मशीनच्या देखभालीचं.

मेंटेनन्सचं काम कसं असतं हे एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही माहितीये. मशीन बंद पडलं की धावपळ आणि चालू असलं की निवांत. योकोईकडे निवांत वेळ भरपूर होता. कारखान्यातल्या लेथवर तो स्वतःच्या करमणुकीसाठी काहीबाही बनवत बसायचा. त्यात त्याने एक लांबणारा हात बनवला. जुन्या लिफ्टचं जाळीचं दार कसं सरकतं, तशा एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या. मूठ दाबली की हात पुढे पसरतो आणि समोरची वस्तू पकडतो.

१९६६ मध्ये कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात फिरत होते आणि त्यांनी योकोईला हे असलं काहीतरी घेऊन खेळताना बघितलं. ऑफिसात बोलावणं आलं. योकोईला वाटलं आता झापणार. यामाउचींनी सांगितलं की हे विकायला बनव. अल्ट्रा हॅन्ड नावाने ते खेळणं बाजारात आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं. योकोई मशीनच्या देखभालीतून सुटला आणि खेळणी बनवायला लागला. कामाच्या वेळात खेळताना सापडल्यामुळे बढती मिळालेला दुसरा माणूस आमच्या तरी माहितीत नाही.

पुढच्या काळात त्याने काय काय बनवलं त्याची यादी लांब आहे. घरात बॉल फेकणारं मशीन, प्रकाशावर चालणारी बंदूक, पिंपाच्या आकाराचं कोडं. १९६९ चं लव्ह टेस्टर मात्र सांगितलंच पाहिजे. मुलगा आणि मुलगी एकमेकांचा हात धरतात, मोकळ्या हातात यंत्राची एकेक मूठ पकडतात आणि काटा दोघांचं प्रेम किती ते दाखवतो. आतमध्ये प्रेमबिम काही नव्हतं, अंगातून जाणारा बारीकसा करंट मोजायचं साधं मीटर होतं. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावं म्हणून हे बनवलं, असं योकोईने नंतर स्वतःच कबूल केलं.

चेष्टेची गोष्ट वाटते, पण त्याची कामाची पद्धत इथेच दिसते. मीटर जुनं, स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारं. नवीन होतं ते फक्त त्याचा वापर कशासाठी करायचा हे. योकोईने याचं पुढे तत्त्वच करून टाकलं. जे तंत्र जुनं झालंय, स्वस्त झालंय आणि ज्याचे गुणदोष सगळ्यांना कळलेत, ते घ्यायचं आणि भलत्याच कामाला लावायचं. आपल्याकडे बुलेटच्या इंजिनाची शेतात चालणारी सनेडो बनवणारे लोक हेच करतात, फक्त त्याला तत्त्व म्हणत नाहीत.

तर झालं असं, की सत्तरीच्या दशकाच्या शेवटी योकोई शिंकान्सेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने चालला होता. समोर एक नोकरदार माणूस बसलेला. प्रवास लांबचा, करायला काही नाही. तो माणूस खिशातला कॅल्क्युलेटर काढून उगाच बटणं दाबत बसला होता. हिशोब वगैरे काही नाही, नुसता चाळा.

योकोईच्या मनात आलं की या माणसाला खेळायचंय. पण कोट-टाय घातलेला मोठा माणूस डब्यात सगळ्यांसमोर खेळणं काढणार नाही. यंत्र कॅल्क्युलेटरएवढं असलं, दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या अंगठ्यांनी खेळता आलं, तर शेजारच्याला पत्ताही लागणार नाही.

ही कल्पना मालकापर्यंत गेली तीही योगायोगाने. यामाउचींच्या गाडीचा ड्रायव्हर एक दिवस आजारी पडला. गाडी कॅडिलॅक, स्टीअरिंग डाव्या बाजूला. जपानमध्ये आपल्यासारखंच स्टीअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे ती गाडी चालवायची सवय असलेला माणूस ऑफिसात शोधावा लागला आणि योकोई सापडला. गाडी चालवता चालवता त्याने विषय काढला. यामाउचींनी हूं की चूं केलं नाही. पण त्या दिवशीच्या बैठकीत त्यांच्या शेजारी बसले होते शार्प कंपनीचे अध्यक्ष. काही दिवसांत शार्पचे लोक निन्टेन्डोच्या दारात हजर झाले.

शार्पचं गणित सोपं होतं. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात त्यांची कॅसिओशी जोरदार लढाई चालली होती. किंमती पडत पडत तळाला गेल्या होत्या. एलसीडी स्क्रीन आणि चिप बनवायची सोय होती, पण त्यांना नवीन गिऱ्हाईक पाहिजे होतं. योकोईला नेमका तोच स्वस्त झालेला माल हवा होता.

२८ एप्रिल १९८० ला गेम अँड वॉच विक्रीला आला. पहिला गेम होता बॉल. एक माणूस हातांनी चेंडू झेलतो, बस. बटण सेलवर चालायचा आणि खेळत नसाल तेव्हा घड्याळ दाखवायचा, म्हणून नावात वॉच. घड्याळ म्हटलं की खिशात ठेवायला मोठ्या माणसालाही कारण मिळतं, हा आमचा अंदाज. अंदाज यासाठी, की गिऱ्हाईक मात्र वेगळंच निघालं. नोकरदारांपेक्षा शाळेतली पोरं त्यावर तुटून पडली. १९९१ पर्यंत या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख नग गेले आणि हातातला गेम म्हणजे पोरांची वस्तू असा शिक्का बसला, तो बसलाच.

याच मालिकेतून एक गोष्ट निघाली जी आज जगातल्या जवळपास प्रत्येक कंट्रोलरवर आहे. १९८२ मध्ये डाँकी काँगचा दोन स्क्रीनचा, पुस्तकासारखा मिटणारा गेम बनवायचा होता. दांडा लावला तर तो मिटणार कसा? योकोईने अधिकच्या चिन्हासारखं एकच बटण बनवलं. मधे टेकलेलं, चारही बाजूंना झुकणारं. डावीकडे दाबलं की उजवी बाजू उचलली जाते, त्यामुळे दोन उलट दिशा एकदम दाबल्या जात नाहीत. आणि खाली न बघता अंगठ्याला कळतं की आपण कुठे आहोत. फोनवर गेम असताना वेगळं यंत्र कशाला, असं विचारणाऱ्यांना खरं उत्तर या बटणात आहे. काचेवर अंगठा फिरवताना हाताला काहीच लागत नाही.

डाँकी काँगवरून आठवलं. तो मूळ गेम १९८१ चा, शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराने बनवलेला, ज्यात पुढे मारिओ झालेला गडी पहिल्यांदा दिसला. मियामोतोवर देखरेख करायला यामाउचींनी नेमला होता योकोईलाच.

मग २१ एप्रिल १९८९ ला आला गेम बॉय. किंमत १२,५०० येन.

गेम बॉय योकोईने एकट्याने बनवला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते अर्धवट आहे. त्याच्याच विभागातल्या सातोरू ओकादाने यंत्राची बरीचशी इंजिनिअरिंग केली आणि हे नुसतं गेम अँड वॉचचं पुढचं मॉडेल न होता भारी यंत्र व्हावं म्हणून साहेबाशी वादही घातला. पण ते कसं असावं यावर शिक्का योकोईचाच होता. रंगीत स्क्रीन शक्य होती, ती त्याने नाकारली. हिरवट पडद्यावर चार छटा. चार पेन्सिल सेल टाकले की दहा-पंधरा तासांच्या वर चालायचा. पडला, आपटला तरी चालायचा.

त्याच वर्षी अटारीने रंगीत लिंक्स आणला, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत गेम गिअर आणला. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. दुकानात बघितलं तर गेम बॉय त्यांच्यापुढे अगदीच गरीब दिसायचा. पण लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने काय घ्यावं, हे सेलचा हिशोब केला की कळतं. नंतरचा रंगीत गेम बॉय धरून एकूण ११ कोटी ८६ लाख नग विकले गेले.

आणि इथे मोठी माणसं परत आली. त्याला कारण टेट्रिस. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये बनवलेला, वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ. हेंक रॉजर्स या व्यापाऱ्याने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या साहेबांना पटवलं की पोरं हवी असतील तर यंत्रासोबत मारिओ द्या, सगळेच हवे असतील तर टेट्रिस द्या. त्यांनी टेट्रिस दिला. १९९३ मध्ये हिलरी क्लिंटन विमानात गेम बॉय खेळतानाचा फोटो आला. त्याच वर्षी रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह टेट्रिससकट गेम बॉय घेऊन मीर अंतराळ स्थानकावर गेला आणि १९६ दिवस तिकडे राहिला. बुलेट ट्रेनमधल्या त्या नोकरदारापेक्षा याचा प्रवास जरा लांबचा.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत आला. आपल्याकडे आला ब्रिक गेम. कव्हरवर ९९९९ इन १ लिहिलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात लटकलेला. आत मुख्य खेळ टेट्रिसचाच आणि पडदा गेम अँड वॉचच्या जातीचा, साधा एलसीडी. म्हणजे योकोईचं नाव न ऐकताही नगर जिल्ह्यातली एक अख्खी पिढी त्याच्याच वाटेवरचं यंत्र खेळून मोठी झाली. ज्यांच्या हट्टाला तेव्हा घरून नकार मिळाला, ते आज स्वतःच्या पगारातून गेम बॉयसारखी दिसणारी यंत्रं काही हजारांत घेतायत. त्याला पोरकटपणा म्हणायचं असेल तर म्हणा. पण याच नगरजवळच्या अरणगावात मेहेरबाबा मोठेपणी आपल्या मंडळींबरोबर गोट्या, विटीदांडू, पत्ते खेळायचे, आणि त्यांना बघायला सातासमुद्रापलीकडून लोक यायचे.

योकोईची पुढची गोष्ट मात्र फार चांगली नाही.

१९९५ मध्ये त्याने व्हर्च्युअल बॉय आणला. स्टँडवर ठेवायचा, त्यात डोळे खुपसायचे आणि आत खोलीचा भास असलेला गेम दिसायचा, पण सगळा लाल-काळा. मान अवघडायची, डोळे दुखायचे, डोकं धरायचं. आणि ज्या माणसाने आयुष्यभर खिशात मावणारी यंत्रं केली, त्याचं हे यंत्र टेबलाशिवाय वापरताच येत नव्हतं. साधारण ७ लाख ७० हजार विकले गेले आणि वर्षभरात गाशा गुंडाळला. १५ ऑगस्ट १९९६ ला, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोईने निन्टेन्डो सोडली. अपयशामुळे हाकललं अशी चर्चा झाली. त्याचं म्हणणं होतं की पन्नाशीच्या आसपास स्वतःचं काही करायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. जाण्याआधी त्याने गेम बॉयची बारीक, हलकी आवृत्ती, गेम बॉय पॉकेट, बाजारात आणून दिली. हाकललेला माणूस सहसा असं करून जात नाही.

क्योटोतच त्याने कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाय कंपनीसाठी नवीन यंत्रावर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा भागात होकुरिकू एक्सप्रेसवेवर योकोई ज्या गाडीत बसला होता ती पुढच्या ट्रकला धडकली. तो किती लागलंय ते बघायला खाली उतरला आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. वय ५६.

त्याचं अर्धवट राहिलेलं यंत्र ४ मार्च १९९९ ला जपानमध्ये आलं. नाव वंडरस्वान, किंमत ४,८०० येन. पडदा परत रंगाशिवाय. सोबत आलेल्या एका कोड्याच्या गेमला त्याचं नाव दिलं होतं, गनपे. तुटक रेषा वरखाली सरकवायच्या आणि पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायच्या. यंत्राला लागायचा फक्त एक पेन्सिल सेल, आणि तो तीस तास पुरायचा.