मेणाची जहाजं आणि फ्रूड साहेब

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना फ्रूड नंबर सांगायला नको. वर्गात आपण त्याला फ्राउड म्हणतो, खरा उच्चार फ्रूड. फॉर्म्युला पाठ करायचा, हायड्रॉलिक जंपचं गणित सोडवायचं आणि पुढच्या चॅप्टरला लागायचं. आपल्या वाशिमला समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे पद्मतीर्थ, एकबुर्जीचं धरण, नाहीतर पैनगंगा. म्हणून हा नंबर जहाजांवरून आला हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं आणि मी त्या माणसाचं चरित्रच शोधून काढलं.

विल्यम फ्रूड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८१० चा, इंग्लंडमधल्या डार्टिंग्टनचा. वडील धर्मगुरू. ऑक्सफर्डला गणित शिकून ते रेल्वेच्या कामात ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरच्या हाताखाली लागले. १८४६ मध्ये वडिलांसाठी त्यांनी ते काम सोडलं. पुढे ब्रुनेलनेच ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाच्या डोलण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि फ्रूड जहाजांच्या मागे लागले ते कायमचेच.

त्या काळी जहाजाला किती ताकदीचं इंजिन लागेल हे आधी कोणी नक्की सांगू शकत नव्हतं. आधी जहाज बांधायचं, मग पाण्यात काय होतं ते पाहायचं. अंदाज चुकला की सगळा पैसा पाण्यात! छोटं मॉडेल ओढून पाहावं, तर त्यावरून मोठ्या जहाजाचं काही कळत नाही असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणायचे.

फ्रूड यांनी १८६७ मध्ये डार्ट नदीत स्वान आणि रेव्हन अशा दोन आकारांची मॉडेल्स ओढली, तीही लहानमोठ्या मापांत. एका वेगाला एक आकार सरस ठरला, दुसऱ्या वेगाला दुसरा. म्हणजे मॉडेल खोटं बोलत नव्हतं, त्याला योग्य वेगाला प्रश्न विचारायला हवा होता. तो वेग लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. समजा मॉडेल १:१६ चं आहे, तर १२ नॉटच्या जहाजासाठी ते ३ नॉटने ओढायचं. मग दोघांच्या लाटा सारख्याच दिसतात आणि लाटांचा विरोध १६ चा घन, म्हणजे ४०९६ पट होतो. पाण्याचं घर्षण मात्र या हिशेबात बसत नाही. ते त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या फळ्या ओढून स्वतंत्र मोजलं. आजही पद्धत मुळात हीच.

नौदलाने २ हजार पौंड मंजूर केले आणि टॉर्की इथे घराशेजारी सुमारे ८५ मीटर लांबीची टाकी झाली. १८७२ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाले. मॉडेल्स पॅराफिन मेणाची. मेण तासायला सोपं आणि वितळवून पुन्हा वापरता येतं, आपल्या भाषेत शून्य वेस्टेज!

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. फ्रूड नुसत्या मॉडेलवर थांबले नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी ग्रेहाउंड हे खरं जहाज ॲक्टिव्ह या दुसऱ्या जहाजाने ओढून विरोध मोजला. तो मॉडेलवरच्या हिशेबाशी जुळला आणि तज्ज्ञांची तोंडं बंद झाली.

पत्नीच्या निधनानंतर ते नौदलाच्या जहाजावरून दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तिथेच ४ मे १८७९ रोजी हगवणीने वारले. काम थांबलं नाही. मुलगा रॉबर्ट याने ते पुढे नेलं आणि १८८६ मध्ये हॅस्लरला नवी टाकी सुरू झाली. आज आपल्याकडे विशाखापट्टणमला नौदलाच्या प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीची टाकी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची आणि धरणांच्या सांडव्यांची मॉडेल्स चालतात, तीही फ्रूडच्याच नियमाने. कारण लाट समुद्रातली असो की सांडव्यावरची, तिला चालवतं ते गुरुत्वाकर्षणच.

आता आपल्याकडे बघा. फायनल इयरला थर्माकोलचं धरण बनतं, व्हायव्हा होतो आणि मॉडेल कपाटावर धूळ खात बसतं. ते खऱ्याशी जुळतं का, हे कोणी विचारत नाही. समुद्र नाही म्हणून काय झालं? पुढच्या बॅचने गावाजवळच्या एखाद्या बंधाऱ्याचं मापात मॉडेल करावं, त्यावरून पाण्याचा हिशेब काढावा आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून किती पाणी जातं ते स्वतः मोजून बघावं. जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं, तर का नाही, हे शोधताना जे शिकायला मिळेल ते कोणत्याही नोट्समध्ये सापडणार नाही.