सात हजारांचे गहाण

बँकेच्या नोकरीत गहाणखताचे कागद मी किती हाताळले, याचा हिशेब ठेवला नाही. मुलीचे लग्न, कलमांची बाग, होडीचे इंजिन, थोरल्याचे शिक्षण... राहते घर गहाण टाकायला माणसे नाना कारणे घेऊन येत. पण दुसऱ्याच्या मुलाने कुस्ती खेळायला परदेशी जावे म्हणून घराचे कागद पुढे करणारा कोणी माझ्या टेबलाशी कधी आला नाही. असा एक माणूस आंबा घाटापलीकडे, कोल्हापुरात होऊन गेला. ते होते राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. आणि ज्याच्यासाठी घर गहाण पडले, तो मुलगा म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा, कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरचा. पाच भावांत हे शेंडेफळ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तांबड्या मातीशी ओळख घरातच झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच बेचाळीसची चळवळ आली आणि तिच्यातही त्यांनी उडी घेतली. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले.

हे कॉलेज १८८० पासूनचे. आमच्या रत्नागिरीत कॉलेज निघाले १९४५ साली. तोवर इथल्या मुलांना मॅट्रिकनंतर घाट तरी चढावा लागे, नाही तर मुंबईची बोट तरी पकडावी लागे.

कोल्हापूर ही तर कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान तिथलेच. पण गावाचा आखाडा वेगळा आणि कॉलेजचा जिमखाना वेगळा. आखाड्यात वस्तादाची नजर चालते, जिमखान्यात यादी. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेले, तेव्हा तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्यांची ठेंगणी, सडसडीत अंगकाठी पाहून नाव घ्यायला चक्क नकार दिला. दुसरा एखादा मुकाट्याने खोलीवर परतला असता. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. खर्डेकरांनी त्यांना खेळू देण्यास सांगितले, आणि या किरकोळ दिसणाऱ्या मुलाने आपल्याहून भरीव गड्यांना भराभर अस्मान दाखवले.

आज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची वेळापत्रके छापून येतात, निवड समित्या बसतात, प्रवासखर्चाचे तक्ते होतात. हे सगळे हवेच. पण त्या दिवशी प्राचार्य मीटिंगमध्ये असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या या गड्याला तिथे गादीवर लढायचे होते आणि नियमही निराळे. तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर पुढची चार वर्षे एकच ध्यास होता : हेलसिंकी.

निवड झाली, पण पैसे? गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, परिचितांनी हात लावला, तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! आमच्या भाषेत सांगायचे तर या कर्जाला परतफेडीची कसलीही खात्री नव्हती. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने अर्जावर लाल शाईने शेरा मारला असता.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या इशीशी झालेली कुस्ती पंधरा मिनिटांवर लांबली आणि हातची गेली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावणे आले. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण तसे ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तशाच अंगाने उतरले आणि हरले. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ सालच्या लिअँडर पेसपर्यंत थांबावे लागले.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना बरे वाटत नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. बढती वर्षानुवर्षे रखडली. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव २०१० साली लागले.

पण गहाणाचे काय झाले, ते राहिलेच. पदक घेऊन खाशाबा कऱ्हाडला उतरले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या घेऊन गाव स्टेशनवर आले होते. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. हारतुरे, सत्कार आटोपले. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. ऑलिम्पिकवीर स्वतः लांग चढवून उतरला, कुस्त्या जिंकल्या आणि जमलेली रक्कम घेऊन प्राचार्यांकडे गेला, घर सोडवायला.